उद्याची वाहतूक कोण चालवणार?

वाचकहो आणि गुरुजनहो, रस्ता झाला, पूल झाला, रेल्वे आली, की आपण म्हणतो, "चला, मुलूख सुधारला." त्यात खोटे काही नाही. परंतु रस्ता आपण होऊन माल नेत नाही आणि रूळ आपण होऊन गाडी ओढत नाहीत. गाडी नेणारा, ती दुरुस्त ठेवणारा, सिग्नल सांभाळणारा, मालाची नोंद करणारा, असा माणसांचा मोठा ताफा त्यामागे उभा असावा लागतो. ही माणसे कशी तयार होतात आणि आपल्या खेड्यातल्या, आपल्या शाळेतल्या मुलामुलींना त्यांत जागा कशी मिळेल, याचा विचार आज तुमच्याबरोबर करावा असे मनात आहे. मी नवी मुंबईत राहतो आणि इथल्याच एका महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे दाखले बहुतेक याच भागातले देईन. पण ज्यांचा माल बाजारात किंवा बंदरात जातो, त्या सगळ्यांशी या गोष्टीचा संबंध आहे.

पहिल्याने एक साधे उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात निफाडला किंवा दिंडोरीला द्राक्षाची बाग आहे. द्राक्षे परदेशी जायची आहेत. ती तोडली, निवडली, खोक्यांत भरली, गार केली आणि एका मोठ्या लोखंडी पेटीत रचली. या पेटीला थंड ठेवणारे यंत्र जोडलेले असते. बंदरातले लोक तिला 'रीफर' म्हणतात. आत शून्य अंशाच्या आसपास गारवा राखावा लागतो. ती पेटी ट्रेलरवर चढते आणि सुमारे २०० किलोमीटर चालून न्हावा-शेवा बंदरात येते. वाटेत कसाऱ्याचा घाट आहे, भिवंडी-कल्याणची गर्दी आहे. ट्रेलरवर जनरेटर चालू आहे की नाही हे ड्रायव्हरने पाहायचे. यार्डात आली की तिला विजेचा प्लग लावायचा, दर थोड्या वेळाने तपमान वाचून लिहून ठेवायचे. मग कागदपत्रे, कस्टमची तपासणी, क्रेन आणि शेवटी जहाज.

आता मोजा पाहू, किती माणसांच्या हातून ती द्राक्षे गेली? ड्रायव्हर, जनरेटरचा मेकॅनिक, रीफरचा तंत्रज्ञ, कस्टमचे कागद करणारा, यार्डात जागा ठरवणारा, क्रेनवाला, नोंदणी करणारा कारकून. यांपैकी एकानेही हलगर्जी केली, किंवा हलगर्जी न करताही केवळ अज्ञानाने प्लग नीट लावला नाही, तर वर्षभराची मेहनत पेटीतच नासते. शेतकऱ्याने बागेत जे घाम गाळून कमावले, ते बंदरातल्या एका अडाणी हाताने जाऊ शकते. तेव्हा वाहतुकीच्या कामगाराचे शिक्षण ही केवळ त्याच्या पोटापाण्याची गोष्ट नसून ती शेतकऱ्याच्याही हिताची गोष्ट आहे, हे ध्यानात येईल.

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर बसवायचे ठरले. तोवर इथे भातशेती होती, मिठागरे होती, खाडीत मासेमारी होती. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली आणि पुढे ती बेलापूर, पनवेलपर्यंत गेली. कळंबोलीहून पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो धावू लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी लोकल थेट उरणपर्यंत पोचली. डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळावरून विमाने उडू लागली, म्हणजे त्याच्या रस्त्यांवरची वर्दळही आलीच. पन्नास-पंचावन्न वर्षांत एवढे सारे एका भागात व्हावे, हे खरोखर नवल आहे.

परंतु या यादीत एक तारीख अशी आहे की ती विसरून चालणार नाही. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. त्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यांच्या लढ्यातूनच पुढे भूधारकांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम निघाला. जमीन एकदाच जाते, वाचकहो. मोबदल्याचे पैसे घरबांधणीत, लग्नकार्यात संपतात. साडेबारा टक्क्यांचा भूखंडही भावांत वाटला की लहान होतो. तिसऱ्या पिढीच्या हातात काय राहते? तिच्या दारापुढून दिवसरात्र ट्रेलर जातात, डोक्यावरून पूल जातो. आणि तिला काम मिळते ते फाटकावर पहारा करण्याचे. पहारा करणे कमीपणाचे नाही. पण ज्याच्या आजोबांच्या शेतात क्रेन उभी आहे, त्या मुलाला ती क्रेन चालवता का येऊ नये, हा प्रश्न मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

याचे उत्तर शोधायचे तर काम कसे बदलले ते आधी समजून घेतले पाहिजे. पूर्वी बंदरात माल पोत्यांनी, पेट्यांनी, पिंपांनी यायचा. जहाज रिकामे करायला माथाड्यांच्या टोळ्या लागत. पाठीवर पोते, हातात हूक, आणि चालायला लाकडी फळी. मुंबईच्या गोदीत आणि मशीद बंदरच्या बाजारात घाटावरच्या आणि कोकणातल्या हजारो माणसांनी याच कामावर संसार केले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. पुढे मशीद बंदरचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले, त्यांच्याबरोबर माथाडीही आले.

मात्र त्याआधीच दूर अमेरिकेत एक गोष्ट घडून गेली होती. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकमालकाने आपल्या जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. कल्पना अगदी साधी. मालाची चढउतार करण्याऐवजी मालासकट पेटीच उचलायची. तीच पेटी ट्रकवर, तीच रेल्वेवर, तीच जहाजावर. या पेटीला आपण कंटेनर म्हणतो. तिच्या आठही कोपऱ्यांत सारख्या मापाची भोके असतात. क्रेनचे किंवा ट्रेलरचे कुलूप त्यांत बसते आणि फिरवले की पक्के होते. त्याला 'ट्विस्ट लॉक' असे नाव आहे. हे कुलूप फिरवायचे राहिले, तर वळणावर पेटी ट्रेलरवरून घसरून शेजारच्या मोटारीवर पडते. म्हणजे पाहा, पोते उचलायला बळ लागत होते. पेटी सांभाळायला अवधान लागते. शंभर माणसांचे काम पाच माणसांवर आले, पण त्या पाचांची चूक पूर्वीच्या शंभरांच्या चुकीपेक्षा महाग झाली.

आज न्हावा-शेवा बंदराचा कारभार किती आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाने मोजल्यास सुमारे ७३ लाख पेट्यांची तिथे उलाढाल झाली. आणि हे इथेच थांबणार नाही. नेदरलँडमधल्या रॉटरडॅम बंदरात १९९३ पासूनच ड्रायव्हर नसलेल्या गाड्या यार्डात पेट्या वाहत आहेत. काही ठिकाणी क्रेनवाला उंच केबिनमध्ये न चढता खोलीत पडद्यासमोर बसून क्रेन चालवतो. तेव्हा "बंदर आले, आता घरटी एक नोकरी" असे जे गावोगाव बोलले जाते, ते जसेच्या तसे खरे मानू नये. उद्या कामे पुष्कळ असतील, पण ती हमालीची कमी आणि यंत्र सांभाळण्याची जास्त असतील. यंत्र बिघडल्यावर ते उघडून पाहणारा, विजेचे नकाशे वाचणारा, संगणकावरची सूचना समजून घेणारा माणूस लागेल. अशा माणसाला दूर ठेवणे कुणालाच परवडणार नाही.

आता रस्त्याकडे येऊ. वाहतुकीतले सर्वांत परिचित काम म्हणजे ट्रक-ड्रायव्हरचे, आणि सर्वांत कमी मान मिळणारेही तेच. क्लीनर म्हणून गाडीवर चढायचे, उस्तादाच्या शिव्या खात शिकायचे आणि एके दिवशी स्टिअरिंग हाती घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. यातून चांगले ड्रायव्हर झाले नाहीत असे नाही. पण उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर त्याच्या वाईट सवयीही शागिर्दाला लागतात. एकच पाहा. घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडायची, ही खोड किती जणांना आहे! गिअरमध्ये गाडी असली की इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. घर्षणाने ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके उतारावर पकड सोडतात. बोरघाटात चढताना जो गिअर लागतो, जवळपास तोच उतरताना ठेवावा, हा नियम जुन्या जाणत्या ड्रायव्हरांना ठाऊक असतो. त्यामागचे कारण मात्र शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण आणि उष्णता या धड्यांत आहे. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आणून कुणी सांगत नाही, एवढेच.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. ट्रक-बससारखे जड वाहन चालवायचे तर वय किमान २० पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचा परवाना मिळून एक वर्ष झालेले हवे. पूर्वी अशा परवान्याला आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. कित्येक अनुभवी पण कमी शिकलेल्या माणसांना त्यामुळे दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण कुणी पालकाने त्याचा अर्थ "आता ड्रायव्हरला शाळा नको" असा घेऊ नये. तळोजा, पाताळगंगा या भागांत रसायनांचे कारखाने आहेत. तिथून निघणाऱ्या टँकरवर आकडे आणि चिन्हे असलेली पाटी असते. आत काय आहे, आग लागली तर पाणी मारावे की मारू नये, हे त्या पाटीवरून आणि सोबतच्या कागदावरून कळते. असा धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलेच पाहिजे आणि त्याने वेगळे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, असा नियम आजही आहे. अर्थात अशा ड्रायव्हरची मजुरीही जास्त असते. अक्षरओळखीला इथे रोख किंमत आहे.

मात्र नुसते शिकवून भागत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ड्रायव्हराची मुलगी मास्तरणीला सांगते, "बाई, माझे बाबा पंधरा दिवस घरी आले नाहीत." ड्रायव्हरचे स्थळ म्हटले की मुलीकडचे नाक मुरडतात. ड्रायव्हर स्वतःच म्हणतो, "पोराला काहीपण करू द्या, गाडीवर नको." हे असेच राहिले तर चांगला मुलगा या धंद्यात येणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालून दिली होती. आता तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत समाविष्ट झाला आहे. कागदावरचे तास रस्त्यावर पाळले जातील तेव्हाच त्यांचा उपयोग. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारी बारा-बारा तास बसणाऱ्याला ही चैन वाटत नाही, गरज वाटते. झोप, आंघोळीची सोय, वेळेवर पगार आणि रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा, एवढे मिळाले तरी या कामाला प्रतिष्ठा येऊ लागेल.

रेल्वेचे काम याहून निराळे. तिथे शिस्त जुनी आहे आणि शिकवण्याची पद्धतही बसलेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या सुरेखा यादव यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८९ साली त्या सहायक इंजिनचालक म्हणून मध्य रेल्वेत लागल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. मालगाडी, लोकल, डेक्कन क्वीन असे टप्पे चढत मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. विचार करा, कराडच्या त्या वर्गात "मुलीला विजेचे काम काय करायचे?" असे म्हणून कुणी दार लावून घेतले असते तर? ज्या गुरुजींच्या शाळेत गणितात हुशार मुली आहेत, त्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

आज सहायक इंजिनचालक व्हायचे तर दहावीनंतर ठरावीक विषयांत आय.टी.आय. किंवा पदविका लागते. मग रेल्वे भरती मंडळाची परीक्षा, मनाची एकाग्रता तपासणारी चाचणी आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. ही तपासणी फार कडक असते. चष्म्याशिवाय दृष्टी पुरी हवी आणि रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, कारण लाल आणि हिरवा दिवा यांत गफलत चालत नाही. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक असतो, आणि तो ज्याला असतो त्याला बहुधा ठाऊकच नसतो. तीन-चार वर्षे तयारी करून, घरच्यांचे पैसे खर्चून, अखेर डॉक्टरांच्या टेबलापाशी हे कळणे किती दुःखाचे! म्हणून आठवी-नववीतच डोळे तपासून घ्यावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीत हे होऊ शकते. दोष निघाला तर मुलाला दुसरी वाट वेळेवर दाखवता येते. रेल्वेत आणि बंदरात अशी पुष्कळ कामे आहेत की ज्यांना ही अट इतकी कडक नाही.

बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेचे काम पाहिले तर आणखी एक गोष्ट शिकता येते. रोह्यापासून मंगळूरजवळ ठोकूरपर्यंत जाणारा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पुरा खुला झाला. डोंगर फोडून, खाड्या ओलांडून तो काढला आहे. दर पावसाळ्यात तिथे निराळे वेळापत्रक लागते, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि दरड कोसळली का, रुळावर पाणी आले का, हे पाहत गस्तवाले पायी चालतात. २०२२ साली या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले, तेव्हा डिझेल इंजिनावर आयुष्य घालवलेल्यांना विजेच्या इंजिनाची माहिती नव्याने घ्यावी लागली. म्हणजे एका बाजूने कंदील-बॅटरी घेऊन चालणारा डोळस माणूस आणि दुसऱ्या बाजूने नवे यंत्र, या दोहोंची जोडी जमली तरच गाडी सुखरूप चालते. शिक्षण एकदा घेतले आणि संपले, असे आता कोणत्याच कामात राहिलेले नाही. एस.टी.च्या किंवा नवी मुंबई परिवहनच्या डेपोतल्या मेकॅनिकला विचारा. कालपर्यंत तो इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगत होता. विजेवरच्या बसला तो आवाजच नाही. तिच्या बॅटरीत काहीशे व्होल्टची वीज असते आणि रबरी हातमोजे न घालता तिला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

मग शिकायचे कुठे? पहिली जागा म्हणजे आपल्या तालुक्याची आय.टी.आय. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० पासून चालू आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, वेल्डर हे व्यवसाय वाहतुकीला थेट उपयोगी पडतात, आणि विजेवरच्या वाहनांचा व्यवसायही आता त्यांत आला आहे. बहुतेकांना दहावी लागते. काहींना आठवी उत्तीर्णही चालतो. दुसरी पायरी उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रेल्वे, एस.टी. आणि मोठे कारखाने उमेदवार घेतात आणि शिकतानाच विद्यावेतन देतात. पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. भुसावळला रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे. पदवी घ्यायची तर वडोदऱ्याला केवळ वाहतूक या विषयासाठी २०२२ पासून गतिशक्ती विश्वविद्यालय चालू आहे. क्रेनसारखी यंत्रे शिकवायला आता सिम्युलेटर असतात. पडद्यावरच क्रेन चालवून चुका करून पाहायच्या, म्हणजे खऱ्या धक्क्यावर कुणाच्या जिवावर बेतत नाही.

आणि एक इशारा. "बंदरात लावतो, रेल्वेत लावतो, एवढे पैसे टाका" असे सांगणारे दलाल प्रत्येक तालुक्यात फिरत असतात. भूखंडाचे पैसे कुणाकडे आले आहेत हे त्यांना बरोबर कळते. रेल्वेची भरती जाहिरात निघून, परीक्षा होऊन होते. पैसे घेऊन हातात ठेवलेले नेमणूकपत्र बहुतेक वेळा खोटे निघते, आणि मग पैसेही जातात आणि वर्षेही. त्या पैशांत मुलाची दोन वर्षांची आय.टी.आय. आणि डोळ्यांची तपासणी सहज झाली असती.

आता गुरुजनहो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. तुम्ही म्हणाल, "आम्ही खेड्यात मराठी-गणित शिकवणारी माणसे, आम्ही क्रेनवाले कसे तयार करणार?" पण खरे सांगायचे तर पाया तुमच्याच हातात आहे. एखादे गणित घाला: गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. समोर मूल आडवे आले. ड्रायव्हरला ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी किती पुढे गेली? उत्तर येते सुमारे १७ मीटर. ते अंतर पटांगणात पावलांनी मोजायला लावा. मुलांच्या तोंडावरची रेघ बदलते की नाही पाहा! दुसरे गणित: ४० फुटी रिकाम्या पेटीचे वजन सुमारे ३,८०० किलो, भरलेली पेटी ३०,४८० किलोच्या वर जाऊ द्यायची नाही, तर माल किती भरावा? आणि तो सगळा एकाच बाजूला भरला तर वळणावर काय होईल? वजाबाकी आणि गुरुत्वमध्य दोन्ही त्यात आले.

एस.टी.चे वेळापत्रक वर्गात आणा आणि मुलांना वाचायला लावा. कोऱ्या नकाशावर आपल्या गावातून न्हावा-शेव्यापर्यंतची वाट काढायला सांगा. खताच्या पोत्यावरची, औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी सूचना सावकाश वाचून मराठीत सांगण्याचा सराव द्या. पुढे टँकरवरची पाटी वाचायला तोच उपयोगी पडेल. जवळच्या डेपोत किंवा स्थानकात सहल न्या आणि तिथल्या मेकॅनिकला, स्टेशन मास्तरला दहा मिनिटे मुलांशी बोलायला सांगा. आणि एक सवय लावा: चूक झाली तर लपवायची नाही, लगेच सांगायची. ज्या वर्गात चूक सांगितल्यावर छडी मिळते, तिथला मुलगा उद्या ट्विस्ट लॉक राहिल्याचेही लपवील. ज्या वर्गात चूक सांगितल्यावर "बरं झालं सांगितलंस, चल दुरुस्त करू" असे ऐकू येते, तिथून भरवशाचा कामगार निघतो.

पूल बांधायला सहा-सात वर्षे लागतात. तो चालता ठेवणारा माणूस तयार व्हायला पहिलीपासून धरली तर पंधरा-सोळा वर्षे लागतात. म्हणजे २०४० साली जो क्रेन चालवील, इंजिन हाकील किंवा यार्डाचा हिशेब ठेवील, तो आज तुमच्या पहिल्या बाकावर पाटी घेऊन बसलेला आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडली की निदान आठवी-नववीच्या मुलामुलींचे डोळे तपासून घेण्याचे काम तरी मनावर घ्या आणि जवळच्या आय.टी.आय.च्या प्रवेशाची माहिती शाळेच्या फळ्यावर लावा. एवढे फार खर्चाचे नाही, आणि त्याला कुणाची परवानगीही लागत नाही.